आधी पट्टा बघा, मग पाटी

माझी भाची नर्सिंग करून उपकेंद्रावर लागली. गाव केजच्या आत, त्यामुळं रोज स्कुटीवर जाणं-येणं. लर्निंगची परीक्षा तिनं पहिल्याच खेपेला काढली, तक्त्यावरची सगळी चित्रं तोंडपाठ. पहिल्या रविवारी मी तिच्या मागं बसलो. अंबाजोगाई रस्त्याला एका वळणाच्या अलीकडं पुढं उसाचा ट्रॅक्टर होता. तिनं तो ओलांडायला गाडी उजवीकडं काढली. मी खांदा दाबला, ती मागं आली, आणि वळणावरून समोरनं एक टेम्पो निघून गेला.

पुढं रसवंतीवर थांबल्यावर ती म्हणाली, "मामा, वळणाची पाटी तर कुठंच नव्हती."

पाटी नव्हती हे खरं. बाभळीच्या फांदीआड गेली असेल, नाहीतर कुणी खांबासकट उपटून नेली असेल. पण खाली डांबरावर तुटक लाइन होती ती वळणाच्या बरीच आधी अखंड झाली होती. ती तिनं पाहिलीच नाही. तक्त्यावर पाट्या असतात, रस्ता नसतो.

मी १९ वर्षं रस्त्यावर पट्टे मारणाऱ्या टोळीत काम केलं, त्यातली शेवटची काही मुकादम म्हणून. आई-वडील उसाच्या टोळीत जायचे, मी या टोळीत आलो. सोलापूर-धुळे रस्ता, ज्याला आमच्याकडची जुनी माणसं अजून २११ म्हणतात आणि आता नंबर ५२ आहे, त्यावर आणि त्याला मिळणाऱ्या कितीतरी रस्त्यांवर माझ्या हातचे पट्टे आहेत. भाचीला मी जे शिकवलं, तेच इथं लिहितोय. नव्यानं गाडी शिकणाऱ्यांना उपयोगी पडेल, आणि वीस वर्षं गाडी चालवूनही खाली न बघणाऱ्यांनाही.

जमिनीवरची लाइन

पट्टा मारायच्या आधी रस्ता झाडून काढतात. मग सुतळी ताणून चुन्याचे ठिपके देतात. थर्मोप्लास्टची, म्हणजे ज्याचा पट्टा बनतो त्या मालाची, पावडर बॉयलरमध्ये २०० अंशांच्या आसपास वितळवतात, ती हातगाड्यात ओतून लाइनीवरनं ओढत नेतात. थर साधारण अडीच मिलिमीटरचा. तो ओला असतानाच वरनं काचेचे बारीक मणी पडतात. मण्यांचं काम पुढं रात्रीच्या भागात सांगतो.

लाइन तुटक कुठं ठेवायची आणि अखंड कुठं करायची, हे आम्ही मनानं ठरवत नव्हतो. समोरून येणारी गाडी किती लांबून दिसते, हे दोन्ही बाजूंनी मोजलेलं असतं. जिथं ओलांडून परत आपल्या बाजूला यायला पुरेल इतकं पुढचं दिसत नाही, तिथं लाइन अखंड. म्हणजे तुम्हाला गाडीत बसून वळण सरळ वाटेल, चढ लहान वाटेल, पण तिथं चढाच्या पलीकडं जाऊन बघून आलेल्या माणसानं तुम्हाला आधीच सांगून ठेवलंय की इथून पुढचं दिसत नाही.

एक हिशोब करून बघा. तुम्ही ताशी ६० नं चाललाय, समोरची गाडीही ६० नं येतेय. दोघांमधलं अंतर दर सेकंदाला ३३ मीटरनं कमी होतं. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर ओलांडून परत डावीकडं यायला नऊ-दहा सेकंद धरा. म्हणजे निघताना समोर तीनशे मीटरच्या वर रस्ता मोकळा आणि दिसणारा हवा. वळणावर किंवा चढावर एवढं कुठून दिसणार?

आता लाइनीचे प्रकार. मध्ये तुटक असेल तर समोर मोकळं असताना ओलांडता येतं. अखंड असेल तर ओलांडायचं नाही, रंग पांढरा असो की पिवळा. दोन अखंड लाइनी जोडीनं असतील तर दोन्ही बाजूंच्या गाड्यांना मनाई. आणि एक अखंड, तिच्याशेजारी एक तुटक, अशी जोडी असेल तर तुमच्या बाजूची लाइन तुमच्यासाठी. तुमच्याकडं तुटक आहे तर तुम्ही जाऊ शकता, समोरच्याकडं अखंड आहे म्हणून तो येऊ शकत नाही. चढ संपवून उतरणाऱ्या बाजूला ही जोडी हमखास दिसते. भाचीला यात सगळ्यात जास्त घोळ व्हायचा. मी तिला सांगितलं, लाइनीत दोन भाऊ आहेत, तुझ्या अंगणातल्या भावाचं ऐक.

तुटक लाइनीतही एक खूण असते, ती तक्त्यात कुणी शिकवत नाही. साध्या सरळ रस्त्यावर पट्टा आखूड आणि मधली मोकळी जागा लांब. पुढं अखंड लाइन येणार असेल किंवा चौक जवळ येत असेल तर हे उलटं होतं. पट्टे लांबतात, मोकळ्या जागा आखडतात. गाडीच्या खालून पट्टे भरभर आणि जास्त पांढरे जायला लागले की समजायचं, ओलांडायची वेळ संपत आली. ओलांडणं सुरू केलं असेल तर उरका, नसेल केलं तर करू नका.

कडेची लाइन मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडंच सगळ्यात कमी लोक बघतात. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळं डांबर आणि साइडपट्टी यांच्यात वीतभर खड्ड्यासारखी पायरी पडते. दुचाकीचं चाक त्या पायरीवरून खाली गेलं आणि तुम्ही घाईनं हँडल उजवीकडं ओढलं, की गाडी आडवी. कडेची लाइन डाव्या चाकाच्या उजवीकडं कधीच येऊ द्यायची नाही. चाक खाली गेलंच तर अॅक्सिलेटर सोडा, हँडल सरळ धरा, वेग उतरू द्या, मग हळू वर या.

शहरात तीन खुणा नीट ओळखा. झेब्राच्या अलीकडं एक जाड आडवी लाइन असते, ती थांबायची लाइन. थांबायचं तिच्या अलीकडं, पुढचं चाकसुद्धा तिच्यावर नाही. लोक झेब्रावर गाडी उभी करतात आणि म्हातारी माणसं, लेकरं गाड्यांच्या मधून वाट काढतात. चौकाच्या मध्ये पिवळ्या तिरक्या रेघांची जाळी काढलेली असेल तर पलीकडं तुमच्या गाडीपुरती जागा मोकळी झाल्याशिवाय तिच्यात शिरायचं नाही, सिग्नल हिरवा असला तरी. आणि डिव्हायडर सुरू होण्याच्या आधी पांढऱ्या तिरक्या पट्ट्यांचा त्रिकोण असतो. ती गाडी घुसवायची जागा नाही. पुढं दगडी कठडा आहे, दोन्ही बाजूंनी फुटा, असा तो निरोप.

पाटी : आकार, मग रंग, मग चित्र

पाटी वाचायला भाची चित्रापासून सुरुवात करायची. लांबून चित्र दिसत नाही, आकार दिसतो. म्हणून आधी आकार.

त्रिकोण, टोक वर : पुढं काहीतरी आहे, सावध व्हा. गोल : हुकूम आहे, मोडला तर गुन्हा. चौकोन : माहिती आहे, पेट्रोल पंप, दवाखाना, गावाची दिशा. दोन पाट्यांचा आकार मुद्दाम सगळ्यांपेक्षा वेगळा ठेवलाय. अष्टकोनी लाल म्हणजे थांबा, आणि उलटा त्रिकोण म्हणजे समोरच्या रस्त्यावरच्यांना वाट द्या. त्या चिखलानं माखल्या किंवा मागून दिसल्या तरी आकारावरून ओळखता याव्यात, म्हणून हा वेगळेपणा. अष्टकोनी पाटीपुढं रस्ता सामसूम असला तरी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. उलट्या त्रिकोणापुढं समोर कुणी नसेल तर हळू करून पुढं जाता येतं. एवढाच दोघींत फरक.

मग रंग. गोलात लाल कडं असेल तर 'करू नका' किंवा 'याच्या पुढं नाही'. निळा भरलेला गोल असेल तर 'असंच करा' : डावीकडंच वळा, घाटात हॉर्न वाजवाच. लाल भरलेल्या गोलात पांढरी आडवी पट्टी म्हणजे इकडून प्रवेश नाही. नुसतं लाल कडं आणि आत काहीच नाही, तर दोन्ही दिशांनी वाहनांना बंदी. पार्किंगची पाटी निळी, कडं लाल. तिच्यावर एक तिरकी रेघ असेल तर गाडी लावायची नाही, दोन रेघांची फुली असेल तर थांबवायचीसुद्धा नाही, प्रवासी उतरवायलाही नाही. बसस्थानकासमोर जीपवाले या एका रेघेच्या फरकावरून रोज वाद घालतात.

सगळ्या देशात पाट्या सारख्या कशा, असं भाचीनं विचारलं होतं. मोजमाप ठरवणारी संस्था इंडियन रोड्स काँग्रेस, ती १९३४ साली सुरू झाली. त्याच्या आधी १९२७ साली रस्त्यांसाठी एक समिती नेमली होती, तिचे अध्यक्ष आपले मुकुंदराव जयकर, जे पुढं पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. आणि पाट्यांची चित्रं १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या परिशिष्टातच छापलेली आहेत. त्या पाळणं हे चालकाचं कर्तव्य, असं त्याच कायद्यात लिहिलंय. म्हणजे पाटी ही कंत्राटदाराची किंवा गावाची सूचना नाही, कायदा आहे.

त्रिकोणाच्या पाट्या धोक्याच्या ठिकाणी नसतात, आधी असतात. मोठ्या रस्त्यावर सपाट भागात जुनं माप १२० मीटरचं. ६० च्या वेगात हे अंतर सात सेकंदांत संपतं, १०० च्या वेगात चारच सेकंदांत. म्हणून त्रिकोण दिसला की पहिलं काम पाय अॅक्सिलेटरवरून उचलणं. चित्र कशाचं आहे ते नंतर बघा.

आपल्या भागात ज्यांनी जीव वाचतो, त्या पाट्यांवरच थोडं थांबतो. बाकीच्या तक्त्यात आहेतच.

वळणाचा बाण कुठं वाकलाय ते बघा, आणि दुहेरी वळण असेल तर पहिलं वळण कुठल्या बाजूचं तेही. मांजरसुंब्याच्या किंवा येरमाळ्याच्या घाटात, तसंच कन्नडच्या औट्रम घाटात, एक वळण घेऊन माणूस सैल पडतो आणि दुसरं अंगावर येतं. वळणाच्या बाहेरच्या कडेला पिवळ्या-काळ्या बाणांच्या पाट्या रांगेनं असतात. त्या जितक्या दाट, तितकं वळण तीव्र. घाटात एक नियम पाटीशिवायही पाळा : चढणाऱ्याला वाट द्यायची. भरलेला ट्रक चढात थांबला तर परत उचलणं अवघड.

डिव्हायडरमधल्या फटीची पाटी : त्रिकोणात मधली भिंत तुटलेली दाखवतात. चौपदरी रस्ते झाल्यापासून ही पाटी फार कामाची झाली. फाट्यावर बैलगाडी, पाण्याचं टँकर, कॉलेजची पोरं तिथूनच वळतात. ती दिसली की उजवी लेन सोडा. फटीत वळायला थांबलेल्या ट्रॅक्टरची ट्रॉली बऱ्याचदा उजव्या लेनमध्ये आलेली असते.

मोठा रस्ता पुढं आहे, ही पाटी गावातून हायवेला येणाऱ्यांसाठी. चित्रात जाड रेघ म्हणजे मोठा रस्ता, बारीक म्हणजे छोटा. तुम्ही बारीक रेघेवर असाल तर थांबायचं तुम्ही. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा नियम सारख्या रस्त्यांच्या चौकासाठी आहे. फाट्यावरून हायवेला लागताना दोन्हीकडच्या सगळ्यांना आधी जाऊ द्यायचं.

गुरांची पाटी. दिवाळीच्या पुढं धनगरांचे कळप रस्त्यानं निघतात, संध्याकाळी गुरं घराकडं वळतात. एक जनावर ओलांडून गेलं की मागं दुसरं असतंच, हे धरूनच चाला. हॉर्न वाजवला तर मेंढरं बिथरतात, कळपाच्या मागं सावकाश चालत राहिलं तर राखणदार स्वतः वाट करून देतो.

आश्विनात तुळजापूरला पायी जाणारे लोक रस्त्याच्या कडेनं रात्रभर चालतात, कोजागरीला तर हजारोंनी. तिथं त्यांच्यासाठी कायमची पाटी असेलच असं नाही. त्या दिवसांत सोलापूर-तुळजापूर-धाराशिव पट्ट्यात कडेची लाइन म्हणजे माणसांची वाट, असं समजून चाला.

फरशी पूल आणि पाण्याचा खांब

नळकांडी पुलाच्या किंवा फरशी पुलाच्या कडेला आकडे रंगवलेला खांब उभा असतो. मुलं त्याला पट्टी म्हणतात. पुलावरून किती पाणी वाहतंय ते तो दाखवतो. २०२५च्या सप्टेंबरात मांजरा, सिंदफणा, सीना यांना पूर आले, तेव्हा असे कितीतरी पूल पाण्याखाली होते. खांबाचा तळ दिसत नसेल तर तिथूनच मागं फिरा. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान कार उचलू शकतं, आणि दुचाकीला त्याहून कमी पुरतं. शिवाय वरनं पाणी दिसतं, खालची फरशी वाहून गेलीय का हे दिसत नाही.

पुलाच्या कठड्याच्या टोकाला काळ्या-पिवळ्या तिरक्या पट्ट्यांची उभी पाटी असते. तिचे पट्टे ज्या बाजूला खाली उतरतात, त्या बाजूनं जायचं. डावीकडच्या कठड्याचे पट्टे उजवीकडं, म्हणजे रस्त्याकडं उतरतात. रात्री धुक्यात, कठडा कुठं आणि रस्ता कुठं हे कळत नसताना, नुसत्या तिरक्या रेघांवरून वाट सापडते. हे मला एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं शिकवलं होतं, तोवर मी ते पट्टे रंगवत होतो पण वाचत नव्हतो.

रात्र

आता मण्यांचं सांगतो. पट्ट्यावरचा काचेचा मणी दिव्याचा उजेड जिकडून आला तिकडंच परत फेकतो. म्हणून तुमच्याच दिव्यात लाइन तुम्हाला चमकताना दिसते. पाटीवरच्या चकाकणाऱ्या कागदाचंही असंच. पावसात मण्यावर पाण्याचा थर बसतो आणि उजेड भलतीकडं जातो, म्हणून भर पावसात रात्री लाइन गायब होते. लाइन गेली तर वेगही गेला पाहिजे. खरिपात फाट्यांवर ट्रॅक्टरच्या टायरची काळी माती लाइनीवर बसते, आणि काढणीच्या दिवसांत सोयाबीन वाळत घालतात ते कडेच्या लाइनीवरच. भोवती लावलेले दगड रात्री तसेच राहतात. आपल्याच शेतकरी बांधवांना हात जोडून सांगणं आहे, खळं रस्त्यावर नको, आणि घातलंच असेल तर दगड उचलून घरी न्या.

लाइन दिसत नाही तेव्हा कॅट आय, म्हणजे रस्त्यात बसवलेली चकाकणारी बटणं, मदतीला येतात. त्यांचे रंग ठरलेले आहेत. लेनच्या मध्ये पांढरे, डाव्या कडेला लाल, डिव्हायडरच्या बाजूला पिवळे, आणि जिथून बाहेर पडायला किंवा आत यायला वाट आहे तिथं हिरवे. लाल तुमच्या डावीकडं आणि पिवळे उजवीकडं असतील तर तुम्ही बरोबर जागी आहात.

समोरच्यानं मोठा दिवा डोळ्यांत मारला तर त्याच्या दिव्याकडं बघू नका. नजर खाली डावीकडं, कडेच्या लाइनीवर टाका आणि तिच्या आधारानं तो निघून जाईपर्यंत हळू चला. भाचीनं सांगितलं की रात्रीच्या बाळंतपणाला जाताना ही एकच गोष्ट तिच्या रोज उपयोगी पडते.

ऊस वाहणाऱ्यांना एक विनंती. दसऱ्या-दिवाळीनंतर आपली माणसं ट्रॅक्टर घेऊन पश्चिमेकडं निघतात, ट्रॉलीवर संसार आणि लेकरं. ट्रॉलीच्या मागं उसाच्या बाहेर येईल अशा जागी लाल चकाकणारी पट्टी लावा. आतल्या फळीवर लावलेली पट्टी उसाखाली झाकली जाते.

काम चालू आहे

ही पाटी मी आयुष्यभर लावली, म्हणून इथं मला जास्त बोलू द्या.

कामाच्या ठिकाणच्या त्रिकोणाची पार्श्वभूमी पिवळी असते, नेहमीची पांढरी नाही. पिवळं दिसलं म्हणजे ही पाटी तात्पुरती आहे आणि पुढचा रस्ता कालच्यासारखा नाही. आधी पिवळी पाटी, मग वेगाची गोल पाटी, मग रस्ता अरुंद झाल्याची, मग शंकू किंवा रंगवलेली टिपाडं, आणि त्यांच्या पलीकडं माणसं. हा क्रम पक्का. पहिल्या पाटीलाच वेग उतरवला तर शंकूपाशी जोरात ब्रेक मारायची वेळ येत नाही. झेंडेवाल्यानं लाल दाखवला तर थांबा, त्याच्या दुसऱ्या टोकाच्या जोडीदारानं तिकडून गाड्या सोडलेल्या असतात.

एकदा आमचे शंकू पाडून एक जीप ओल्या पट्ट्यावरून गेली. थर्मोप्लास्टला कडक व्हायला काही मिनिटंच लागतात, पण त्या काही मिनिटांत ते उकळत्या गुळासारखं असतं. उडालेला लोळ आमच्या एका पोराच्या पायावर पडला. तो दोन महिने घरी होता आणि परत या कामावर आला नाही. जीपवाल्यानं मागं वळूनही बघितलं नाही. त्याला बहुतेक वाटलं असेल की आपण फक्त दोन प्लॅस्टिकचे शंकू पाडले. शंकूच्या आत माणूस वाकलेला असतो, त्याची पाठ तुमच्याकडं असते, आणि बॉयलरच्या आवाजात त्याला गाडी ऐकू येत नाही.

वळसा दाखवणाऱ्या पाटीवर विश्वास ठेवा, मोबाइलच्या नकाशावर नाही. कालच खोदलेला रस्ता नकाशाला आज कळलेला असेलच असं नाही.

सिग्नल

यावर फार लिहायला नको, सगळ्यांना येतो. तीनच गोष्टी सांगतो. पिवळा म्हणजे 'पटकन काढ' नाही. थांबायच्या लाइनीच्या इतक्या जवळ आलात की आता सुरक्षित थांबता येणार नाही, तरच पुढं जायचं. रात्री पिवळा दिवा उघडमीट करत असेल तर हळू करून बघून जा. लाल उघडमीट करत असेल तर पूर्ण थांबून, बघून, मग जा. आणि लाल असताना डावीकडं वळणं हा हक्क नाही. तिथं तशी पाटी किंवा हिरवा बाण असेल तरच वळायचं, तेही झेब्रावरच्या माणसांना आधी जाऊ देऊन. चौकात पोलीस हातानं वाहतूक सोडत असतील तर दिव्यापेक्षा त्यांचा हात मोठा.

दगड वाचून मदत बोलवा

किलोमीटरच्या दगडाचा माथा बघा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, केशरी असेल तर प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला गावरस्ता. दोन मोठ्या दगडांच्या मध्ये २, ४, ६, ८ लिहिलेले छोटे दगड असतात, दर २०० मीटरला एक. मोठ्या दगडावरचा आकडा आणि छोट्यावरचा आकडा मिळून तुमची जागा २०० मीटरच्या आत नेमकी सांगता येते.

अपघात झाल्यावर लोक १०८ ला सांगतात, "चौसाळ्याच्या पुढं, ढाब्याजवळ." ढाबे कितीतरी आहेत. त्याऐवजी रस्त्याचा नंबर, किलोमीटर आणि छोट्या दगडाचा आकडा सांगा, तोंड कुठल्या गावाकडं तेही सांगा, म्हणजे अॅम्ब्युलन्स डिव्हायडरच्या योग्य बाजूनं येईल. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा नंबरही लागतो. आपल्या भागातले नंबर लक्षात ठेवायला सोपे आहेत : ५२ धुळ्याहून सोलापूरकडं, ६१ नगरकडून परभणी-नांदेडकडं, आणि ३६१ तुळजापूर-लातूर-नांदेड. सम आकडे उत्तर-दक्षिण जातात, विषम पूर्व-पश्चिम, आणि तीन आकडी नंबराचे शेवटचे दोन आकडे म्हणजे मूळ रस्ता. ३६१ हा ६१ चा फाटा.

हाच दगड तक्रारीलाही कामाला येतो. पाटी पडलीय, लाइन पुसलीय, शाळेपुढचा झेब्रा दिसत नाही, तर नुसतं 'आमच्या गावापाशी' लिहून भागत नाही. माथ्याच्या रंगावरून रस्ता कुणाकडचा ते ठरवा. हिरव्याला सार्वजनिक बांधकाम विभागाचं उपविभागीय कार्यालय, पिवळ्याला महामार्गाचं कार्यालय, केशरीला ग्रामपंचायतीमार्फत. अर्जात किलोमीटरचा आकडा, जायची बाजू आणि पाटीचा आकार लिहा. सोबत दिवसा एक आणि रात्री गाडीच्या दिव्यात एक, असे दोन फोटो जोडा. दिवसा ठीक दिसणारी लाइन रात्री मेलेली असते, ते फोटोतच दिसतं.

शिकणाऱ्यांनी पहिला आठवडा मागं बसून काढावा. रोजच्या रस्त्यानं कुणाच्या तरी गाडीवर बसा आणि जे दिसेल ते मोठ्यानं बोला : तुटक, तुटक, लांब तुटक, अखंड, त्रिकोण, वळण डावं, कडा गेली, झेब्रा. भाची हे माझ्या मागं बसून करायची, आणि पहिल्या दिवशी तिच्या तोंडून फक्त पाट्या निघायच्या. चौथ्या दिवशी त्याच वळणावर, जिथं पाटी नव्हती, ती माझ्या आधी म्हणाली, "मामा, अखंड."

त्या वळणाच्या पाटीचा अर्ज तिनंच लिहिला. किलोमीटरचा आकडा, बाजू अंबाजोगाईकडं, आकार त्रिकोण, बाण उजवीकडं. पोच घेऊन तिनं ती उपकेंद्राच्या फळ्याला टाचून ठेवलीय.